निकाल न मानणारा खेळाडू

१९५१ च्या मार्च महिन्यात नवी दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्यांतील बास्केटबॉलचे सुवर्णपदक फिलिपाइन्सच्या संघाने जिंकले, आणि ह्या खेळाच्या जाणकारांना त्याचे फारसे नवल वाटले नाही. ह्याच देशाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये पाचवा क्रमांक मिळवला होता. पुढे १९५४ साली रिओ द जानेरो येथील जागतिक स्पर्धेत तो तिसरा आला. आशियातील दुसऱ्या कोणत्याही संघाला ती पायरी आजतागायत गाठता आलेली नाही. दिल्लीनंतर मॅनिला, टोकियो आणि जाकार्ता अशा ओळीने चार आशियाई स्पर्धा फिलिपाइन्सने जिंकल्या. चारही वेळा त्या संघात कार्लोस लोयझागा नावाचा धिप्पाड खेळाडू होता.

बास्केटबॉल हा उंच माणसांचा खेळ मानला जातो आणि फिलिपिनो माणूस काही उंचीसाठी प्रसिद्ध नाही. तरीही तो खेळ तेथे रुजला, नव्हे, फोफावला. १८९८ मध्ये स्पेनची सत्ता जाऊन अमेरिकेची आली. तिच्या मागोमाग शाळामास्तर आले, वाय. एम. सी. ए. चे व्यायामशिक्षक आले आणि त्यांच्याबरोबर हा खेळ आला. आरंभी तो मुलींच्या शाळांतून शिकवला जाई. मुलांनी तो पुढे उचलला आणि मग सोडला नाही. आपल्याकडे भिंतीवर कोळशाने तीन रेघा ओढल्या की क्रिकेटचे मैदान तयार होते. तिकडे माडाच्या खोडाला एक लोखंडी कडे ठोकले की काम भागते. चर्चच्या पटांगणात, बाजाराच्या चौकात, समुद्रकाठच्या वस्तीत, जेथे म्हणून दहा पोरे जमतील तेथे ते कडे दिसते. राज्यकर्त्यांनी आणलेला खेळ प्रजेने आपला करून टाकावा, हा प्रकार हिंदुस्थानातील श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा देशात खेळाडू पुष्कळ झाले आणि गुणवान झाले. परंतु ज्याचे नाव घेताच मॅनिलाचा रिक्षावालाही मान वर करतो असा खेळाडू म्हणजे रॉबर्ट जावोर्स्की. हा त्यांतला सर्वांत कुशल होता असे म्हणता येणार नाही. फेकीची अचूकता त्याच्या समकालीनांपैकी कित्येकांत अधिक होती, आणि उंचीचे म्हणाल तर रामोन फर्नांदेझ त्याच्यापेक्षा उंच होता. शिस्तीच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे नाव शेवटच्या ओळीत लिहावे लागेल. तरीसुद्धा चार दशके लोकांनी त्याच्यावर जे प्रेम केले ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आले नाही. हे असे का झाले, हा प्रश्न त्याच्या चरित्राइतकाच त्या लोकांच्या चरित्राचाही आहे.

जावोर्स्कीचा जन्म ८ मार्च १९४६ रोजी बागियो येथे झाला. आपल्याकडे इंग्रजांनी महाबळेश्वर वसवले तसे अमेरिकनांनी उन्हाळ्यासाठी वसवलेले हे डोंगरावरचे गाव. वडील पोलिश वंशाचे अमेरिकन, आई फिलिपिनो. आडनाव पोलंडचे, तेथे त्याचा उच्चार 'यावोर्स्की' असा होतो, मॅनिलाने त्याचा 'जावोर्स्की' केला आणि पुढे लोकांना तेवढेही उच्चारण्याचा कंटाळा आला तेव्हा नुसते 'बिग जे' राहिले. मुलगा वाढला तो मॅनिलाला लागून असलेल्या पासाय शहरात. युनिव्हर्सिटी ऑफ द ईस्ट ह्या विद्यापीठाच्या संघात तो दाखल झाला तेव्हा तेथे बेबी दालुपान हे प्रशिक्षक होते. ह्या गृहस्थाचे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. जावोर्स्कीच्या आयुष्यात ते पुढे दोनदा येते, एकदा प्रतिस्पर्धी म्हणून आणि एकदा वडीलधारा म्हणून. १९६५ आणि १९६६ अशी दोन वर्षे विद्यापीठांचे अजिंक्यपद ह्या संघाने मिळवले.

लगेच राष्ट्रीय संघात निवड झाली, आणि पहिलाच अनुभव कडू आला. १९६६ च्या डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत फिलिपाइन्सचा संघ प्रथमच सुवर्णपदकावाचून परतला. नुसते सुवर्ण नव्हे, कोणतेच पदक हाती लागले नाही. पुढच्याच वर्षी सोल येथे आशियाई अजिंक्यपद परत मिळवणाऱ्या संघात जावोर्स्की होता, आणि १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्येही तो खेळला. बावीस वर्षांच्या तरुणाला एवढे यश पुरे वाटले असते. ह्याला पुरेसे वाटले की नाही कोण जाणे, पण एक गोष्ट तोपर्यंत सर्वांच्या ध्यानात आली होती. ह्या मुलाला हरणे सोसत नसे, आणि आपण हरलो असे दुसऱ्याने सांगितलेले तर मुळीच सोसत नसे.

त्या काळी मॅनिलात बास्केटबॉलचा जो मोठा साखळी सामना चाले तो कंपन्यांच्या संघांचा. मुंबईतील टाइम्स शील्डची ज्यांना आठवण असेल त्यांना ह्याची कल्पना येईल. खेळाडू नावाला हौशी. प्रत्यक्षात कंपनी त्याला पगार देई आणि तो खेळे. जावोर्स्की मेराल्को ह्या वीज कंपनीकडे होता. १९७१ च्या डिसेंबरअखेर मेराल्कोचा सामना क्रिस्पाशी झाला. क्रिस्पा म्हणजे बनियने आणि विणलेले कपडे बनवणारी कंपनी. सामन्यात पंचांचे निर्णय मेराल्कोला पसंत पडेनात. वादावादी वाढली आणि जावोर्स्कीने व त्याच्या एका सहकाऱ्याने हजारो प्रेक्षकांच्या देखत दोन पंचांना मारहाण केली. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय संघटनेने दोघांनाही तहहयात खेळण्यास बंदी घातली.

शिक्षा कठोर होती, पण अन्याय्य होती असे म्हणवत नाही. पंच हा खेळातील सर्वांत एकटा माणूस असतो. त्याच्या बाजूने आरोळी ठोकणारा प्रेक्षक कोठेच नसतो. जावोर्स्कीच्या पराक्रमाच्या कथा मॅनिलात पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात; त्या संध्याकाळी मार खाल्लेल्या दोघांची कथा कोणी हौसेने सांगत नाही. त्याचे चरित्र सांगताना मात्र ती गाळून चालणार नाही, कारण पुढे लोकांनी ज्या गुणासाठी त्याला डोक्यावर घेतले तो गुण आणि हा दोष ही एकाच मुळाची दोन पाने आहेत.

बंदी 'तहहयात' होती. ती टिकली जेमतेम दोन वर्षे. मधल्या काळात देशाचे रूप पालटले होते. १९७२ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष फर्दिनांद मार्कोस ह्यांनी लष्करी कायदा पुकारला. वृत्तपत्रे बंद पडली, विरोधक तुरुंगात गेले. मेराल्को ज्या लोपेझ घराण्याची होती त्याच्या हातून ती गेली. १९७३ च्या अखेरीस आशियाई अजिंक्यपदाच्या स्पर्धा खुद्द मॅनिलात भरायच्या होत्या. १९७१ मध्ये टोकियोला जपानने ते पद हिसकावून घेतले होते, आणि घरच्या प्रेक्षकांपुढे पुन्हा हरणे कोणालाच परवडणारे नव्हते. तेव्हा संघटनेने बंदी उठवली. जावोर्स्की परत आला, फिलिपाइन्सने स्पर्धा जिंकली, आणि पुढच्या वर्षी प्वेर्तो रिको येथील जागतिक स्पर्धेत तो पुन्हा देशाकडून उतरला. गरज पडली की न्याय किती लवचीक होतो ह्याचे हे उदाहरण आहे. लोकांनी मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढला. कायमचा म्हणून सांगितलेला निकालही बदलू शकतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

१९७५ साली नऊ कंपन्यांचे संघ हौशी संघटनेतून फुटून निघाले आणि त्यांनी स्वतःची व्यावसायिक संघटना स्थापन केली. आशियातील ही पहिली व्यावसायिक बास्केटबॉल संघटना. ९ एप्रिल १९७५ रोजी अरानेता कोलिझियम ह्या प्रचंड बंदिस्त प्रेक्षागृहात तिचा पहिला सामना झाला. पगार ही आता लपवण्याची गोष्ट राहिली नाही. ह्या व्यवस्थेची एक गंमत अशी की संघ शहरांचे नव्हते, मालाचे होते. प्रेक्षक अमुक गावाचा जयजयकार करीत नसे. तो मोटारीचा, सरबताचा, फरशीचा, दारूचा जयजयकार करी. जाहिरात करायचा माल बदलला की संघाचे नावही बदले. काही स्पर्धांत प्रत्येक संघाला अमेरिकेतून खेळाडू आणण्याची मुभा असे. अशा खेळाडूला तिकडे 'इंपोर्ट' म्हणतात, जणू काही गोदीत उतरलेला माल.

जावोर्स्की टोयोटाच्या संघात होता, आणि समोर होता तोच जुना क्रिस्पा. क्रिस्पाचे प्रशिक्षक होते बेबी दालुपान. पहिल्या वर्षाच्या तीन स्पर्धांपैकी दोन टोयोटाने जिंकल्या, तिसरी क्रिस्पाने. दुसऱ्या वर्षी क्रिस्पाने तिन्ही घेतल्या. ह्या दोन संघांच्या वैराने देश उभा दुभंगला. एका घरात दोन भाऊ, त्यांतला एक टोयोटाचा तर दुसरा क्रिस्पाचा, असा प्रकार सर्रास होता. सभा, मिरवणूक, घोषणा ह्यांना जेथे बंदी होती तेथे गळा मोकळा करून ओरडण्याची एवढी एकच जागा उरली होती, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होऊ नये. एप्रिल १९७७ मध्ये ह्या दोन संघांच्या एका सामन्यानंतर खेळाडूंची आपसांत तुंबळ मारामारी झाली, तेव्हा सरकारने दोन्ही संघांतील खेळाडूंना फोर्ट बोनिफासिओच्या लष्करी छावणीत नेऊन अटकेत ठेवले. बास्केटबॉलच्या खेळाडूंना लष्कराने कोंडल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

१९७८ साली जावोर्स्की वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. ह्या वर्षांतील त्याच्या खेळाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. तो गार्ड होता. म्हणजे चेंडू पुढे नेणे, डाव रचणे आणि ज्याला मोकळी जागा मिळाली असेल त्याच्या हाती चेंडू देणे हे त्याचे काम. परंतु अंगाने तो इतका दणकट होता की उंच खेळाडूंच्या गर्दीत घुसून तो परतलेला चेंडू हिसकावून आणी. ज्या पासावर सहकारी लगोलग गुण मिळवतो अशा पासांची खेळात स्वतंत्र मोजणी होते. व्यावसायिक कारकिर्दीत जावोर्स्कीने असे ५,८२५ पास दिले, आणि त्या संघटनेत हा आकडा कोणालाही अजून ओलांडता आलेला नाही. भांडखोर म्हणून गाजलेल्या माणसाचा सर्वांत मोठा विक्रम दुसऱ्याच्या हाती चेंडू देण्याचा आहे. त्यातले कितीतरी पास रामोन फर्नांदेझच्या हाती गेले असतील. फर्नांदेझ हा टोयोटाचा उंच, चपळ, अतिशय हुशार मध्य खेळाडू. दोघांचे मैदानावरचे सख्य विलक्षण होते. मैदानाबाहेर ते तितके नव्हते.

१९८३ च्या ऑगस्टमध्ये विरोधी पुढारी बेनिग्नो अकिनो ह्यांची मॅनिलाच्या विमानतळावर हत्या झाली. देश हादरला आणि पाठोपाठ अर्थव्यवस्था कोसळली. १९८४ च्या आरंभी टोयोटाने संघ बंद केला आणि खेळाडूंसकट तो एका मद्यकंपनीला विकून टाकला. बाकीचे गेले, जावोर्स्की आणि त्याचा मित्र फ्रान्सिस आर्नाइझ ह्या दोघांनी जाण्यास नकार दिला. आपल्याला न विचारता आपली विक्री व्हावी हे त्यांना मान्य नव्हते. फर्नांदेझ गेला. येथून दोघांत जी तेढ पडली ती पाच वर्षे टिकली. ह्या काळात ते एकमेकांविरुद्ध खेळत, पण बोलत नसत.

जावोर्स्की ज्या संघात गेला तो जिन विकणाऱ्या कंपनीचा होता. पहिल्या वर्षी त्याचे नाव गिल्बीज जिन होते. १९८५ मध्ये ते हिनेब्रा झाले. जिनला स्पॅनिशमध्ये 'हिनेब्रा' म्हणतात, आणि ह्या नावाची जिन म्हणजे तिकडच्या हमालाची, कोळ्याची, ऊसतोड्याची दारू. बाटलीवर मुख्य देवदूत संत मायकेल सैतानाला पायाखाली तुडवतो आहे असे चित्र असते. ते फर्नांदो आमोर्सोलो ह्या पुढे राष्ट्रीय कीर्ती पावलेल्या चित्रकाराने तरुणपणी काढले. थोडक्यात, ही गरिबांची दारू आणि हा तिचा संघ. एकोणचाळिसाव्या वर्षी जावोर्स्की त्याचा प्रशिक्षक झाला, तोही खेळाडूपद न सोडता.

त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९८५ रोजी, हिनेब्राची गाठ नॉर्दर्न कन्सॉलिडेटेड सिमेंट ह्या संघाशी पडली. हा वस्तुतः राष्ट्रीय संघ होता. सत्ताधाऱ्यांच्या निकटचे उद्योगपती एदुआर्दो कोहुआंग्को ह्यांच्या पैशावर तो उभा होता, रॉन जेकब्स हे अमेरिकन प्रशिक्षक त्याला घडवीत होते, आणि नागरिकत्व दिलेले अमेरिकन खेळाडू त्यात होते. त्यांपैकी एक, जेफ मूर. सामना रंगात असताना मूरचे कोपर जावोर्स्कीच्या तोंडावर बसले आणि ओठ फाटला. रक्त थांबेना तेव्हा त्याला रुग्णालयात नेले. नऊ टाके पडले. इकडे सामना चालूच होता, आणि हिनेब्रा मागे पडत पंधरा गुणांपर्यंत मागे पडला होता. शेवटच्या भागात प्रेक्षागृहाच्या दारातून जावोर्स्की आत आला. ओठ सुजलेला, त्यावर पट्टी. तो बाकावर येऊन बसला, मग उठला आणि मैदानात शिरला.

पुढे जे घडले त्याचे आकडे सांगण्यापेक्षा एवढेच सांगणे पुरे की प्रेक्षागृह उठून उभे राहिले आणि शेवटपर्यंत बसले नाही. समोरचा शिस्तबद्ध, उत्तम तालमीतला संघ त्या आरोळ्यांत गोंधळून गेला. त्याच्या फेकी बास्केटात पडेनात. पंधरा गुणांचे अंतर मिटले आणि हिनेब्राने सामना जिंकला. अजिंक्यपद पुढे सिमेंटच्या संघानेच मिळवले, हे येथे नमूद केले पाहिजे. पण ते आज फारसे कोणाला आठवत नाही. महाराष्ट्राला १९८५ चे मॅनिला आठवते ते बाबा आमटे ह्यांना तेथे मॅगसेसे पुरस्कार मिळाला म्हणून. मॅनिलाच्या बास्केटबॉलवेड्यांना विचारले तर ते नऊ टाक्यांची गोष्ट सांगतील. हार न मानणे हे हिनेब्राचे ब्रीद झाले ते त्या रात्रीपासून. चार महिन्यांनी, १९८६ च्या फेब्रुवारीत, मॅनिलाचे लाखो नागरिक रणगाड्यांपुढे रस्त्यावर उभे राहिले आणि मार्कोस ह्यांना देश सोडावा लागला. ह्या दोन घटनांत कार्यकारणभाव शोधणे पोरकटपणाचे होईल. पण दोन्ही ठिकाणच्या गर्दीत माणसे पुष्कळशी तीच असणार, एवढे मानायला हरकत नाही. त्याच वर्षी हिनेब्राने आपले पहिले अजिंक्यपद जिंकले.

ह्यानंतरच्या यशापयशाची सगळी यादी देण्यात हशील नाही. १९८८ मध्ये आन्येहो रम ह्या नावाखाली हाच संघ पुन्हा अजिंक्य ठरला. मात्र ४ जून १९८९ ची संध्याकाळ सांगितली पाहिजे. त्या दिवशी निवडक खेळाडूंचा पहिला प्रदर्शनीय सामना झाला: एका बाजूला ज्येष्ठ, दुसऱ्या बाजूला तरुण. ज्येष्ठांच्या संघात जावोर्स्की होता आणि फर्नांदेझही होता. प्रशिक्षक बेबी दालुपान. सामना बरोबरीत, शेवटचे काही क्षण उरलेले. चेंडू बाहेरून आत फेकण्याचे काम दालुपान ह्यांनी जावोर्स्कीकडे दिले. त्याने तो फर्नांदेझच्या हाती दिला. फर्नांदेझ तरुण बेंजी पारासला हुलकावणी देऊन आत घुसला आणि चेंडू बास्केटात गेला. १३२ विरुद्ध १३०. मग दालुपान ह्यांनी दोघांना जवळ आणले, आणि पाच वर्षे न बोललेल्या दोन माणसांनी हस्तांदोलन केले. वृद्ध प्रशिक्षकाने तो डाव केवळ सामना जिंकण्यासाठी रचला होता का, ह्याचा तर्क ज्याचा त्याने करावा.

वयाने माणूस निवळतो म्हणतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी जावोर्स्की निवळला होता असे मात्र दिसत नाही. १९९० मध्ये शेल कंपनीच्या संघाविरुद्ध अंतिम फेरीचा सहावा सामना चालू असताना पंचांच्या निर्णयाच्या निषेधार्थ त्याचा संघ मैदान सोडून निघून गेला. अजिंक्यपद शेलला मिळाले आणि संघाला साडेपाच लाख पेसो दंड झाला. १९७१ मध्ये मूठ उगारली होती. आता पाठ फिरवली, एवढाच फरक. आणि पुन्हा तोच जुना योग. आशियाई क्रीडास्पर्धांत व्यावसायिकांना त्याच वर्षी प्रथम प्रवेश मिळाला, तेव्हा बीजिंगला जाणाऱ्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून ह्याचीच निवड झाली. त्या संघात फर्नांदेझ होता, तसाच चितो लोयझागाही होता. दिल्लीत सुवर्ण जिंकणाऱ्या कार्लोस लोयझागाचा हा मुलगा. अंतिम सामन्यात चीनने ९० विरुद्ध ७६ असा विजय मिळवला आणि रौप्यपदक घेऊन संघ परतला. पुढच्या वर्षी शेलशी पुन्हा अंतिम गाठ पडली. सात सामन्यांच्या मालिकेत तीन विरुद्ध एक असे मागे पडूनही हिनेब्राने ती मालिका जिंकली, तीही सातव्या सामन्याच्या अगदी अखेरच्या क्षणाला रुडी डिस्ट्रिटोने टाकलेल्या फेकीवर. ह्या वेळी कोणी मैदान सोडले नाही.

मग पडतीची वर्षे आली. काही हंगामांत संघ तळाला गेला. तरीही प्रेक्षागृह भरे. पन्नाशीचा हा प्रशिक्षक सामना हाताबाहेर गेला, किंवा उलट खिशात आला, की लोकांच्या हाकांना ओ देऊन स्वतः काही मिनिटे मैदानात उतरे. हा खेळ राहिला नव्हता, तो एक प्रकारचा उत्सव होता, आणि टीकाकारांनी तसे म्हटले असेल तर त्यात चूक नाही. तथापि १९९७ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, त्याने संघाला आणखी एक अजिंक्यपद मिळवून दिले.

१९९८ च्या मे महिन्यात जावोर्स्की सेनेटवर निवडून आला. फिलिपाइन्सचे सेनेट चोवीस जणांचे, आणि सभासद साऱ्या देशाच्या मतांवर निवडले जातात. त्यामुळे ज्याचे नाव बेटाबेटांवर माहीत आहे त्याला तेथे मोठा लाभ असतो. त्याच निवडणुकीत जोसेफ एस्त्रादा हे चित्रपटनट राष्ट्राध्यक्ष झाले. जावोर्स्की त्यांच्याच आघाडीतून उभा होता. दोघांचा मतदार एकच, तोच हमाल आणि तोच कोळी.

दोन वर्षांतच एस्त्रादा ह्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप झाले आणि सेनेटपुढे महाभियोग चालला. १६ जानेवारी २००१ च्या रात्री प्रश्न आला तो एका बंद लिफाफ्याचा. त्यात अध्यक्षांविरुद्धचा पुरावा असल्याचे सांगितले जात होते. लिफाफा उघडावा की नाही ह्यावर मते घेतली गेली. उघडू नये ह्या बाजूने अकरा, उघडावा ह्या बाजूने दहा. अकरांत जावोर्स्की होता. सारा देश दूरचित्रवाणीवर हे पाहत होता. त्याच रात्री लोक रस्त्यावर उतरले; चार दिवसांत एस्त्रादा ह्यांना राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद सोडावा लागला. ज्या माणसाला आयुष्यभर प्रत्येक निकाल उलटवायचा होता त्याने त्या रात्री पुरावा न पाहताच प्रकरण मिटवण्याच्या बाजूने हात दिला, असे त्याचे विरोधक म्हणणार. त्याचे चाहते म्हणतील की टोयोटा विकला गेला तेव्हा जो आपल्या माणसांना सोडून गेला नाही तो येथेही गेला नाही. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण संघनिष्ठा हा मैदानावरचा गुण न्यायासनावर बसलेल्या माणसाच्या अंगी गुण ठरत नाही. २००४ मध्ये त्याने पुन्हा निवडणूक लढवली. तीत तो पडला. हा निकाल मात्र फिरला नाही.

राजकारणातील ह्या पराभवाचा मैदानावरच्या प्रेमावर काही परिणाम झाला असे दिसत नाही. ८ जुलै २०१२ रोजी अरानेता कोलिझियममध्ये त्याचा सात क्रमांकाचा सदरा समारंभपूर्वक निवृत्त करण्यात आला; हिनेब्राचा कोणताही खेळाडू आता तो क्रमांक घालणार नाही. संघाने १९९९ मध्येच आपल्या नावामागे 'बरांगाय' हा शब्द जोडला होता. बरांगाय म्हणजे गाव, वस्ती. मालाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संघांत गावाचे नाव घेणारा हा एक संघ, आणि ते गाव नकाशावर नाही.

दिल्लीत सुरू झालेली सुवर्णपदकांची मालिका १९६२ नंतर खुंटली ती एकसष्ट वर्षे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत फिलिपाइन्सने जॉर्डनचा ७० विरुद्ध ६० असा पराभव करून ती पुन्हा सुरू केली. संघाचे प्रशिक्षक टिम कोन हे हिनेब्राचे प्रशिक्षक होते, आणि संघाचा आधार होता तो जस्टिन ब्राउनली, हिनेब्राकडून अनेक वर्षे खेळलेला आणि त्याच वर्षी नागरिकत्व मिळालेला अमेरिकन. उपान्त्य सामन्यात यजमान चीनने एके वेळी वीस गुणांची आघाडी घेतली होती. तो सामना फिलिपाइन्सने एका गुणाने जिंकला.